शेठ, तुम्ही कोणाशी बोलता?

वाकडला राहून भोसरी, तळवडे किंवा चाकणला युनिट चालवणारे, हिंजवडीतली नोकरी सोडून स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढलेले, थेरगाव-ताथवड्यात घरगुती डब्यांपासून क्लाउड किचनपर्यंत पोचलेले. अशा वाचकांच्या प्रश्नांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. प्रश्न असतो थकलेल्या पेमेंटचा, जीएसटीचा किंवा कॅश क्रेडिटच्या मर्यादेचा, आणि शेवटी जाता जाता एक ओळ येते: झोप लागत नाही. किंवा, हे कोणाला सांगताही येत नाही. त्यापुढचे प्रश्न ठरलेले. हा धंद्याचा ताण आहे की डॉक्टरांकडे जाण्यासारखं काही? गेलो तर बँकेला, ग्राहकाला, विमा कंपनीला कळेल का? आणि अडकलेलं पेमेंट आलं की हे आपोआप जाईल ना?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण गोंधळाची सुरुवात तिथेच आहे. पेमेंट आल्यावर ताण हलका होतो. आजार असेल तर तो जाईलच असं नाही. उलट बाजूनेही तेच: गोळी घेऊन थकलेलं बिल वसूल होत नाही. धंद्याचं दुखणं आणि मनाचं दुखणं यांवर एकाच वेळी, वेगवेगळ्या माणसांकडून काम करून घ्यावं लागतं. ‘आधी धंदा सावरू दे, मग मनाचं बघू’ हा क्रम महागात पडतो. न झोपलेलं डोकं नेमके चुकीचे निर्णय घेतं. घाबरून रेट खाली आणणं, महिना तीन टक्क्यांनी पैसे उचलणं, एका रिजेक्शनवरून चांगला ऑपरेटर घालवणं हे सगळं अशाच दिवसांत होतं.

आणि हे दुखणं तुमच्या एकट्याचं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२० च्या अहवालात आत्महत्या केलेल्या व्यावसायिकांची संख्या ११,७१६ होती; त्याच वर्षी शेती क्षेत्रातल्या आत्महत्या १०,६७७ होत्या. शेतकऱ्याच्या दुःखाविषयी आपण निदान बोलतो तरी.

गर्दीतला एकटेपणा

उद्योजकाच्या अवतीभोवती माणसं कमी नसतात. सकाळपासून फोन चालू असतो. पण समोरच्या प्रत्येकाचं काही ना काही तुमच्यात अडकलेलं असतं. कामगाराचा पगार, बँकेचा हप्ता, परचेसवाल्याचं शेड्यूल, बायकोची सहकर्जदार म्हणून केलेली सही, आणि गावाकडे आईवडिलांनी चारचौघांत सांगितलेलं ‘पोराची पुण्यात कंपनी आहे’ हे वाक्य. म्हणून सगळ्यांना एकच उत्तर मिळतं: चाललंय, एकदम ओके. वाकडच्या मोठ्या सोसायट्यांत तर शेजाऱ्याला तुम्ही नेमकं काय करता हेही ठाऊक नसतं. लातूर, जळगाव, सोलापूरहून आलेल्यांना इथे शाळेपासूनचा मित्र नाही, आणि गावाकडे फोन केला तर खोटं बोलावं लागतं.

या पट्ट्यातल्या धंद्याची रचना त्यात भर घालते. मोठ्या वाहन कंपनीच्या पुरवठादाराला माल देणारा, त्या पुरवठादाराचं जॉबवर्क करणारा, अशा साखळीत खालच्या माणसाच्या हातात ना रेट, ना तारीख. जीएसटी महिन्याच्या २० तारखेला भरायचा आणि बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी यायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेने पत्राशेड पाडली, तेव्हा ती बेकायदा होती की नाही हा वाद वेगळा. पण अनेकांचा धंद्याचा पत्ता काही दिवसांत नाहीसा झाला. अशा माणसाला ‘सकारात्मक राहा’ म्हणणं हा सल्ला नव्हे.

जीव देण्याचे विचार येत असतील तर बाकीचं नंतर वाचा

‘मी नसलो तर सगळे सुटतील’, ‘विम्याच्या पैशांतून कर्ज फिटेल’ असं मनात येऊ लागलं असेल, तर ती हिशोबाची गोष्ट राहिलेली नाही. त्याच दिवशी मदत घ्या.

- १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक. पर्यायी क्रमांक १८००-८९१-४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतून.
- जिवाला तातडीचा धोका वाटला तर ११२. रुग्णवाहिकेसाठी १०८. किंवा कोणालातरी बरोबर घेऊन जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.
- एका माणसाला फोन करा आणि एवढंच म्हणा: ‘मला आज एकटं राहायचं नाही, ये.’ कारण त्याच वेळी सांगायलाच हवं असं नाही.
- घरात, गाडीत किंवा शॉपवर ज्या वस्तूची तुम्हाला स्वतःलाच भीती वाटते, ती दुसऱ्याच्या ताब्यात द्या. शॉपच्या किल्ल्या काही दिवस सुपरवायझरकडे राहू द्या.
- त्या दिवशी राजीनामा, विक्री, भागीदारीतून बाहेर पडणं, अशा कशावरही सही करू नका.

कर्जाचं म्हणाल तर ते माणसाबरोबर संपत नाही. हमीपत्रावर सही केलेल्याकडे, म्हणजे बहुतेक घरांत बायकोकडे किंवा भावाकडे, ते जातं. आणि बँकेशी बोलायला, तुमच्या मशीनची आणि ग्राहकांची खरी किंमत सांगायला तुमच्याइतकं जाणकार दुसरं कोणी नसतं.

कला दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांचा मृत्यू ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. कर्जतला एवढा मोठा स्टुडिओ उभा करणाऱ्या माणसामागे अडीचशे कोटींच्या वर थकलेलं कर्ज होतं आणि जेमतेम आठवडाभर आधी दिवाळखोरी प्रक्रियेचा आदेश निघाला होता, हे तेव्हा सगळ्यांनी वाचलं. अशा मृत्यूला एकच कारण कधीच नसतं, म्हणून त्यावर निकाल देऊ नये. पण त्याच महाराष्ट्रात हॉटेल व्यावसायिक विठ्ठल कामत यांनी कर्जाच्या दिवसांत आपल्याही मनात टोकाचा विचार आला होता हे जाहीरपणे सांगितलं आहे. त्याने त्यांची पत कमी झाली नाही. अशी उदाहरणं आपण जास्त सांगायला हवीत.

ताण कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो?

मार्चअखेरीला किंवा ऑडिटच्या आधी झोप उडणं हा ताण. काम उरकलं की तो उतरतो. पण खालच्यांपैकी बरंच काही दोन आठवड्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा:

- पहाटे तीन-चारला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही
- आधी आवडायच्या गोष्टींत मन लागत नाही. जेवण नकोसं किंवा अति
- साध्या निर्णयालाही तास जातो. कोटेशन द्यायचं दहा दिवस राहून जातं
- अपराधीपणा, ‘मी नालायक’ ही टोचणी
- कारण नसताना छातीत धडधड, हात थरथरणं

उद्योजकांत हा आजार, म्हणजे नैराश्य, थोड्या वेगळ्या वेशात येतो, आणि तो घरच्यांच्या आधी सुपरवायझरला दिसतो. अनोळखी नंबर उचलायचा नाही. बँकेचा मेल उघडायचा नाही. स्टॉक स्टेटमेंट द्यायचं राहून जातं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोचूनही अर्धा तास गाडीत बसायचं. शनिवारचं पिणं मंगळवारी येतं, मग रोजचं होतं. दारूने झोप लागते हा समज घट्ट आहे; प्रत्यक्षात ती झोप मोडते आणि उदासी वाढवते.

उलटा प्रकारही असतो, आणि तो कोणाला आजार वाटत नाही कारण धंद्यात त्याचं कौतुक होतं. दोन-तीन तास झोपूनही कमालीची तरतरी, एकाच महिन्यात दोन मशीन आणि नव्या गाळ्याचं बुकिंग, बेसुमार खर्च, कोणी अडवलं तर भडका. हे दिवसेंदिवस चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं. हा काळ सरला की हप्ते मागे उरतात.

घरी पडताळून बघायला ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे, मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल उत्तरं द्यायची. बेरीज १० किंवा जास्त आली तर भेट ठरवा. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर ‘अजिबात नाही’ सोडून दुसरं काहीही असेल तर बेरीज न बघता त्याच दिवशी बोला. ही चाळणी आहे, निदान नव्हे.

एक व्यावहारिक सूचना. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. जोरात घोरत असाल तर तेही सांगा, कारण झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाचा दिवसही उदास जातो. छातीत दुखलं तर आधी हृदयच तपासायचं. ‘टेन्शन असेल’ हे तुम्ही स्वतः ठरवायचं नाही.

कोणाला काय सांगायचं

सगळ्यांना सगळं सांगणं धोक्याचं, कोणालाच काही न सांगणं त्याहून धोक्याचं. प्रत्येकाला त्याच्या वाट्याचं सांगा.

बायकोला किंवा नवऱ्याला: आकडा. एका कागदावर तीन गोष्टी लिहा. एकूण देणं किती, त्यातल्या कशावर तुमच्या जोडीदाराची सही आहे, आणि येत्या तीन महिन्यांत काय भरायचं आहे. रात्री अकराला हा विषय काढू नका. सुट्टीच्या सकाळी, मुलं घरात नसताना काढा. आधीच म्हणा, ‘उपाय नंतर बघू, आधी सगळं ऐकून घे.’ आकडा मोठा आहे याचा धक्का माणसं पचवतात. बँकेची नोटीस दारावर चिकटल्यावर कळलं, हा धक्का पचत नाही, आणि तो पैशाचा नसून विश्वासाचा असतो.

उद्योजक बाई असाल तर अडचण बहुधा वेगळी असते. घरात तुमचा धंदा ‘चालू दे, हौस आहे’ या सदरात असतो. नुकसान सांगितलं की लगेच ‘मग बंद कर’. अशा घरात आकड्याबरोबर तासही सांगा: रोज कामाचे इतके, घरचे इतके, झोपेचे इतके. कागदावर झोपेचे पाच तास दिसले की स्वयंपाकाची बाई लावायची की नाही यावरचा वाद लवकर मिटतो.

भागीदाराला: शंका. महिन्यातून एकदा शॉपबाहेर भेटा. त्या भेटीत डिस्पॅच, रिजेक्शन, डेबिट नोट यातलं काही नाही. फक्त तीन प्रश्न: तुला झोप कशी लागते, माझ्यावर कशाचा राग आहे, अजून किती दिवस असं चालवायचं. पहिल्या भेटीत दोघंही अवघडतील. भागीदारीतली बहुतेक भांडणं पैशावरून दिसतात आणि न विचारलेल्या या प्रश्नांवरून झालेली असतात, असं माझं मत आहे.

सीएला: वाईटात वाईट काय होईल ते. ‘काहीतरी करू’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका. हप्ता चुकला तर कोणत्या तारखेला काय होईल, हे तारखेनिशी लिहून मागा. रात्री छळणारी भीती बहुतेक वेळा धूसर असते. कागदावरची भीती निदान मोजता येते.

सुपरवायझरला: अधिकार. आजाराबद्दल काही सांगायची गरज नाही. ‘पुढचे दोन आठवडे संध्याकाळी सहानंतर मी फोनवर नाही. या तीन गोष्टी तू ठरव, एवढ्या रकमेपर्यंतची खरेदी तू कर.’ त्याच्या हातून एखादी चूक होईल. होऊ द्या.

ग्राहकाला: फक्त डिलिव्हरीची तारीख. तुमच्या मनाची स्थिती हा त्याचा विषय नाही.

आईवडिलांना आकडा नको. पण ‘कंपनी जोरात’ हे नाटकही थांबवा. ‘यंदा धंदा मंद आहे, मी थकलोय, चार दिवस येतो’ एवढं पुरे.

आणि एक माणूस असा, ज्याचा तुमच्या धंद्यात एक रुपयाही नाही. सगळ्यात गरजेचा हाच. कॉलेजचा मित्र, जुन्या नोकरीतला सहकारी, शाळेतले सर. मेहुणा शक्यतो नको. बहुतेकांच्या धंद्यात त्याचे दोन-चार लाख असतातच. या माणसाला दर आठवड्याला ठरलेल्या वेळी फोन करायचा. वाकडहून नाशिक फाट्यामार्गे चाकणला जाताना गाडीत एकट्याने जाणारा वेळ त्यासाठी आयता मिळतो. मात्र फोन हातात धरून नको.

संघटना, क्लब आणि टेकडी

१९३४ साली स्थापन झालेलं मराठा चेंबर, पिंपरी चिंचवड लघुउद्योग संघटना, मराठी उद्योजकांचा सॅटर्डे क्लब, छोट्या व्यावसायिकांना मार्गदर्शन करणारं पुण्याचं देआसरा फाउंडेशन: या सगळ्यांचा उपयोग आहे. माहिती, ओळखी, सरकारदरबारी एकत्र आवाज. पण नेटवर्किंगची बैठक म्हणजे मैत्री नव्हे. तिथे प्रत्येकजण व्हिजिटिंग कार्ड घेऊन येतो आणि प्रत्येकाचं ‘झकास’ चाललेलं असतं. काही लोक अशा बैठकीनंतर जास्त एकटे होऊन घरी येतात.

त्याच संघटनेतून चौघे-पाचजण निवडून स्वतःचं छोटं मंडळ करा. नियम कडक ठेवा:

- एकमेकांचे स्पर्धक, पुरवठादार, ग्राहक नकोत.
- एकमेकांत उसनवारी आणि हमी नाही. हा नियम मोडला की मंडळ मोडतं.
- महिन्यातून एकदा, दोन तास, चहावर. दारूवर नाही.
- प्रत्येकाने आधी आपला वाईट आकडा सांगायचा, मग चांगला.
- विचारल्याशिवाय सल्ला नाही. इथे झालेलं इथेच.

आणि एखादी जागा अशी ठेवा जिथे टर्नओव्हर विचारलाच जात नाही. निगडीच्या दुर्गा टेकडीवर सकाळी चालणारे, सोसायटीचं बॅडमिंटन, गावातलं भजनी मंडळ, आषाढी वारीतला एखादा टप्पा. देहू-आळंदी हाकेच्या अंतरावर असताना वाकडच्या माणसाने आधी महागडं रिट्रीट शोधावं, याची मला गंमत वाटते. जिथे तुम्ही ‘शेठ’ नसता तिथे आठवड्यातून दोनदा जा.

डॉक्टर नेमके कोणते?

- मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारांत एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. निदान आणि औषधं हे देतात.
- चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधं देत नाहीत. चाचण्या आणि बोलून करायचे उपचार करतात. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. आयटीआय न बघता तुम्ही ऑपरेटर घेत नाही.
- समुपदेशकांच्या प्रशिक्षणात फार फरक असतो. शिक्षण कुठे, कोणाच्या देखरेखीखाली काम, हे विचारा.
- ‘लाइफ कोच’, ‘माइंडसेट गुरू’ हे उपचार नव्हेत. वीस-तीस हजारांचं शिबिर करून आजार लांबवलेली माणसं या पट्ट्यात कमी नाहीत.

झोप, भूक, कामाचा वेग ढासळला असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. राग, नाती, निर्णयांची भीती एवढंच असेल तर मानसशास्त्रज्ञापासून सुरुवात चालेल. पुष्कळांना दोन्ही लागतात.

खर्च झेपत नसेल तर संत तुकारामनगरचं महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे वायसीएम, वाकडहून जवळ असलेलं औंधचं जिल्हा रुग्णालय, ससून, आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग हे पर्याय आहेत. दारूचा प्रश्न असेल तर १९८६ पासून काम करणारं पुण्यातलं मुक्तांगण, किंवा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मोफत सभा. वाकडमध्ये कोणी ओळखीचं बघेल अशी धास्ती असेल तर कोथरूडला जा किंवा व्हिडिओवर भेट घ्या. त्या धास्तीपायी सहा महिने घालवू नका.

औषधांबाबत नेहमीच्या चुका तीन. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून लोक सोडतात. बरं वाटलं की डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करतात. आणि तिसरी, सगळ्यात वाईट: मित्राने दिलेली झोपेची किंवा ‘टेन्शनची’ गोळी मेडिकलमधून आणून घेत राहतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, आणि दारूबरोबर त्या जिवावर बेततात. नैराश्यावरच्या नेहमीच्या औषधांचं व्यसन लागत नाही. लोक ज्याला घाबरायचं नाही त्यालाच घाबरतात.

पहिल्या भेटीला चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, आठवडाभराच्या झोपेची नोंद आणि घरात कोणाला असा त्रास होता का ही माहिती न्या. दारू किती ते खरं सांगा. दोन-तीन भेटींनंतर सूर जुळला नाही तर दुसरे बघा. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

पैशाची गाठ: कायदा कुठे तुमच्या बाजूने आहे

हा भाग आरोग्याच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण या पट्ट्यातली निम्मी रात्र जागवतं ते थकलेलं बिल, आणि आपल्या हातात काहीच नाही ही भावना. काही गोष्टी हातात आहेत.

- ४५ दिवस. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं पेमेंट करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं, असं सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. उशिरावर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन, सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे करता येते. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कागदावर ९० दिवसांत निकाल. प्रत्यक्षात जास्त लागतात.
- आयकराचा धाक. २०२३ च्या वित्त कायद्याने आणलेल्या तरतुदीमुळे मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा करता येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या अकाउंट्स विभागाला याची नम्र आठवण करून द्या.
- ट्रेड्स, म्हणजे बिलं ऑनलाइन वटवण्याची व्यवस्था. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना या व्यवस्थेत नोंदणी बंधनकारक आहे. त्यांनी मान्य केलेलं बिल तिथे वटवता येतं, आणि कंपनीने पुढे पैसे बुडवले तरी वित्तपुरवठादार तुमच्याकडे मागू शकत नाही.

खरं सांगायचं तर तुमचा ८० टक्के धंदा एकाच ग्राहकावर असेल, तर परिषदेत तक्रार केल्यावर शेड्यूल आटण्याची भीती खोटी नाही. अशा वेळी आधी ट्रेड्स, मग वर्षभरात दुसरा ग्राहक, आणि शेवटी तक्रार. पण दर तिमाहीला ग्राहकाकडून बाकी मान्य असल्याची सही मात्र घेत राहा.

बँकेचं बोलणं वेळेत करा. हप्ता थकल्यावर पहिले ३० दिवस, पुढचे ६० पर्यंत, मग ९० पर्यंत असे टप्पे असतात. ९० नंतर खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए, होतं. २५ कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी २०१५-१६ मध्ये आखलेली पुनरुज्जीवनाची चौकट आहे आणि तिच्याखाली उद्योजक स्वतः अर्ज करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये ही चौकट बँकांवर बंधनकारक ठरवली, पण त्याच निकालात हेही सांगितलं की खातं अनुत्पादक होण्याआधी उद्योजकाने आपली नोंदणीची कागदपत्रं दाखवून पुढे यायला हवं. गप्प बसलेल्याला नंतर हा हक्क सांगता येत नाही. म्हणजे पहिला हप्ता चुकण्याच्या बेतात असतानाच बँकेला लेखी कळवा.

वसुलीवाले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार थकबाकीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी, नातेवाइकांसमोर अपमान हेही नाही. नोंद ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत. बिनपरवाना सावकार असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार होते. मारहाणीची भीती असेल तर सरळ पोलीस ठाणं.

उपचार घेतल्याने काय जातं, काय जात नाही

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. तुमच्या कामाचं एवढं:

- तुमच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद. डॉक्टर बँकेला किंवा ग्राहकाला कळवत नाहीत.
- मानसिक आजार असणं म्हणजे ‘वेडा’ ठरणं नव्हे. तसं फक्त सक्षम न्यायालय ठरवतं. कंपनी कायद्यातही संचालकपद तशा न्यायालयीन घोषणेनेच जातं, गोळ्या चालू आहेत म्हणून नाही.
- आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. पण बहुतेक पॉलिसी दाखल होण्याचाच खर्च देतात. बाह्यरुग्ण भेटी आणि समुपदेशन वेगळं असतं, ते वाचून घ्या. नवी पॉलिसी घेताना चालू उपचार लपवू नका, दावा त्यावरच अडतो.
- आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं कायदा गृहीत धरतो. जुन्या दंड संहितेतलं त्यासाठीच्या शिक्षेचं कलम १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत नाही. रुग्णालय पोलिसांना कळवेल म्हणून घरच्यांनी एक मिनिटही घालवू नये.
- पुढे कधी तुमची स्थिती निर्णय घेण्यासारखी नसेल तर कोणी बोलावं, ती व्यक्ती तुम्ही आधीच लेखी नेमू शकता. बँकेची मुखत्यारी वेगळी. ती सीए आणि वकिलाला विचारून करा.

घरच्यांसाठी थोडं

‘एवढं काय झालंय’, ‘लोकांना याहून मोठे प्रॉब्लेम आहेत’ ही दोन वाक्यं टाळा. मनात जीव देण्याचा विचार येतो का, असं सरळ विचारलं तर विचार डोक्यात घातला जातो हा गैरसमज आहे. विचारल्याने बोलायला वाट मिळते. तुमचा माणूस डॉक्टरांकडे जायला तयार नसेल तर ‘झोपेसाठी तरी दाखवू’ म्हणा; बहुतेक पुरुष झोपेच्या कारणाने तयार होतात. तरीही नाहीच म्हणाला तर १४४१६ वर तुम्ही स्वतः फोन करून पुढे काय करायचं ते विचारू शकता. उपचार सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा, आणि बँकेची, जीएसटीची, वकिलांची आलेली पत्रं उघडून वाचण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी घ्यावं. आजारी माणसाला त्यातलं फक्त तारखेचं सांगा: कोणत्या दिवशी, कुठे, काय घेऊन जायचं.